पहिल्या वर्षाचे समाकलन : वाचकांचे प्रश्न

अभियांत्रिकीच्या आणि विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात समाकलन, म्हणजे इंटिग्रेशन, शिकणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. निकाल लागल्यावर ती अधिक येतात. या वेळचे संपूर्ण सदर त्या पत्रांसाठी ठेवले आहे. समीकरणे शक्य तेथे शब्दांत लिहिली आहेत. वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवून ती चिन्हांत उतरवून घ्यावीत आणि आकृती काढावी, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला गणितात चांगले गुण होते. सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन या सगळ्या पद्धती मला येतात. परंतु एम-टू, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा दुसरा भाग, सुरू झाल्यापासून आपण नेमके काय करत आहोत, हेच कळेनासे झाले आहे. वक्राची लांबी, घनफळ, पृष्ठफळ, गुरुत्वमध्य, प्रत्येकासाठी नवे सूत्र फळ्यावर लिहिले जाते आणि ते कोठून आले हे विचारायला तासाला वेळ नसतो. इंटिग्रेशन म्हणजे अवकलनाची (डिफरन्सिएशनची) उलट क्रिया, एवढेच मला ठाऊक आहे. मॅडम, माझे कोठे चुकते आहे?
— एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य हेच अडचणीचे मूळ आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आधी अनिश्चित समाकलनाचे प्रकरण येते, मग निश्चित समाकलनाचे आणि त्यानंतर त्याच्या उपयोजनांचे. विद्यार्थी कित्येक आठवडे केवळ 'कशाचे अवकलन केले असता हे फलन मिळेल' या शोधात घालवतात, आणि क्षेत्रफळाचा विषय निघतो तेव्हा तो त्या शोधाचा एक उपयोग म्हणून शेवटी येतो. परीक्षेच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र तो उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. समाकलन ही मुळात बेरीज आहे. अवकलनाची उलट क्रिया हा ती बेरीज झटपट काढण्याचा मार्ग आहे, आणि तो मार्ग का चालतो हे एका प्रमेयाने सिद्ध करावे लागते.

हे एकदा हाताने करून पाहा. 'य बरोबर क्ष वर्ग' हा वक्र घ्या आणि क्ष ० पासून १ पर्यंत जाताना त्याच्याखाली किती क्षेत्रफळ येते ते शोधा, मात्र कोणतेही सूत्र न वापरता. पायाचे दहा समान भाग करा, म्हणजे प्रत्येक पट्टीची रुंदी ०.१ होईल. प्रत्येक पट्टीच्या उजव्या कडेची उंची धरली, तर उंची ०.०१, ०.०४, ०.०९ अशी वाढत १ पर्यंत जाते. त्यांची बेरीज ३.८५ येते आणि रुंदीने गुणल्यावर ०.३८५ मिळतात. डाव्या कडेची उंची धरली तर ०.२८५ मिळतात. वक्र सतत वर चढत असल्यामुळे खरे क्षेत्रफळ या दोन संख्यांच्या मध्ये असलेच पाहिजे. शंभर पट्ट्या केल्या तर या दोन संख्या ०.३३८३५ आणि ०.३२८३५ होतात, हजार पट्ट्या केल्या तर ०.३३३८३३५ आणि ०.३३२८३३५. दोन्ही बेरजांमधील अंतर नेहमी एका पट्टीच्या रुंदीएवढेच राहते, त्यामुळे पट्ट्या वाढवत नेल्या की ते हवे तितके लहान करता येते, आणि या सर्व जोड्यांच्या मध्ये बसणारी संख्या एकच उरते : एक तृतीयांश. पहिल्या कितीही नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज देणारे सूत्र येथे लागते. ते आर्यभटाने इ.स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात दिले आहे.

या संपूर्ण गणितात अवकलनाचा उल्लेखही आला नाही, याकडे लक्ष द्या. आता पट्ट्यांची उजवी सीमा १ वर न ठेवता ती सरकती ठेवा आणि ० पासून क्ष पर्यंतचे क्षेत्रफळ हे क्ष चे फलन आहे असे समजा. सीमा थोडी पुढे सरकवली, तर क्षेत्रफळात एका अरुंद पट्टीची भर पडते, आणि त्या पट्टीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या ठिकाणची उंची गुणिले सरकलेले अंतर. याचा अर्थ, क्षेत्रफळ ज्या दराने वाढते तो दर म्हणजे वक्राची त्या ठिकाणची उंची. दुसऱ्या शब्दांत, क्षेत्रफळाच्या फलनाचे अवकलन केले की मूळ फलन मिळते. कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय म्हणतात ते हेच. वर्गांच्या बेरजेचे सूत्र शोधा, घनांसाठी वेगळे शोधा, साइनसाठी आणखी वेगळे शोधा, या कष्टांतून या प्रमेयाने आपली सुटका केली, कारण आता दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी पुरते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन आणि लाइब्निट्स यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे हा दुवा विषयाच्या केंद्रस्थानी आणला. तुम्ही रोज लिहिता ते समाकलनाचे लांबट चिन्ह लाइब्निट्सच्या २९ ऑक्टोबर १६७५ च्या हस्तलिखितात प्रथम आढळते, आणि ते बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षराचे ताणलेले रूप आहे.

आता तुमच्या एम-टूच्या सूत्रांकडे येऊ. प्रत्येक सूत्रामागे एकच कृती आहे : वस्तूचे लहान तुकडे करा, एका तुकड्याची किंमत लिहा आणि सगळ्यांची बेरीज करा. वक्राच्या लांबीसाठी एक तुकडा म्हणजे जवळजवळ सरळ रेघ, आणि ती एका छोट्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण असते. पायथागोरसचे प्रमेय लावले की 'एक अधिक चढाचा वर्ग' याचे वर्गमूळ आपोआप येते. वक्र फिरवून तयार झालेल्या वस्तूच्या घनफळासाठी एक तुकडा म्हणजे पातळ चकती. तिचे क्षेत्रफळ पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि त्याला जाडीने गुणायचे. गुरुत्वमध्यासाठी प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान त्याच्या अंतराने गुणून बेरीज करायची आणि एकूण वस्तुमानाने भागायचे.

येथे एक शंका तुमच्या मनात यावी असे मला वाटते, कारण ती ज्यांना येते त्यांना हा विषय कळू लागलेला असतो. घनफळ काढताना आपण चकतीची कडा सरळ उभी धरतो, खरी कडा तिरपी असली तरी. मग पृष्ठफळ काढताना तीच सरळ कडा का चालत नाही? तेथे तिरक्या लांबीचे वर्गमूळ का आणावे लागते? कारण असे की, घनफळात तिरपेपणामुळे होणारी चूक जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी दहापट कमी केली तर एका चकतीतील चूक शंभरपट कमी होते, चकत्या मात्र दहापटच वाढतात, म्हणून एकूण चूक दहापट घटते आणि शेवटी शून्याकडे जाते. पृष्ठफळात तसे होत नाही. पंचेचाळीस अंशांच्या शंकूची तिरपी कडा ही सरळ जाडीच्या वर्गमूळ दोन पटच राहते, चकती कितीही पातळ केली तरी. ती चूक तुकडे वाढवून विरत नाही. पृष्ठफळाच्या उदाहरणात गुण गमावणारे बहुतेक विद्यार्थी नेमके हे वर्गमूळ विसरलेले असतात. त्याचे कारण एकदा समजून घेतले की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचे इंटिग्रेशन मी केले तर उत्तर 'साइन वर्गाचे अर्धे' येते. मैत्रिणीचे 'उणे कॉस वर्गाचे अर्धे' आले. पुस्तकात मागे दिलेले उत्तर 'उणे कॉस दोन क्ष भागिले चार' असे आहे. कोणाचे बरोबर?
— विज्ञान शाखा, पहिले वर्ष, रत्नागिरी

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत. तुमच्या उत्तरातून मैत्रिणीचे उत्तर वजा करा, नेमके अर्धा उरेल; पुस्तकातील उत्तर वजा करा, पाव उरेल. स्थिर संख्येचे अवकलन शून्य असल्यामुळे एकाच फलनाची अशी अनेक उत्तरे असतात, आणि शेवटी लिहायचा 'अधिक सी' हा त्याच सर्वांना सामावून घेणारा भाग आहे. शंका आली की आपल्या उत्तराचे अवकलन करून मूळ फलन परत मिळते का, ते पाहावे. पुस्तकाच्या मागच्या पानापेक्षा ही तपासणी अधिक विश्वासार्ह आहे.

प्रश्न : एक भागिले क्ष वर्ग याचे उणे एक ते एक या मर्यादांमध्ये इंटिग्रेशन केले. उणे एक भागिले क्ष हे प्रतिअवकलज (ज्याचे अवकलन केले की मूळ फलन मिळते ते) घेऊन किमती भरल्या, तर उत्तर उणे दोन आले. पायऱ्या बरोबर असूनही शून्य गुण मिळाले.
— अभियांत्रिकी विद्यार्थी, जळगाव

उत्तर : उत्तराकडे पुन्हा पाहा. तुमचे फलन प्रत्येक ठिकाणी धन आहे. त्याचा आलेख संपूर्णपणे अक्षाच्या वर आहे. धन उंचीच्या पट्ट्यांची बेरीज ऋण येणे अशक्य आहे. पायऱ्यांत बेरीज-वजाबाकीची चूक नाही, परंतु वर सांगितलेले प्रमेय ज्या अटीवर उभे आहे ती अट येथे मोडली आहे. प्रतिअवकलज संपूर्ण अंतरावर अस्तित्वात असावे लागते, आणि क्ष शून्य असताना तुमचे फलन मुळी परिभाषितच नाही. तेथे आलेख अनंताकडे जातो.

अशा वेळी अंतराचे दोन भाग करावे लागतात, आणि शून्यापासून न निघता एका लहान धन संख्येपासून निघून ती संख्या शून्याकडे न्यावी लागते. तसे केल्यास उजव्या भागाचे उत्तर 'एक भागिले ती लहान संख्या, उणे एक' असे येते, आणि ते अमर्याद वाढते. म्हणून या समाकलनाला सांत, म्हणजे मर्यादित, किंमत नाही. याउलट, एक भागिले क्ष चे वर्गमूळ हे फलनही शून्यापाशी अनंताकडेच जाते, तरीही ० ते १ मध्ये त्याखालचे क्षेत्रफळ नेमके २ आहे. आलेख अनंताकडे जातो एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. तो किती वेगाने जातो हे पाहावे लागते.

दुसऱ्या टोकालाही हेच लागू आहे. एक भागिले क्ष वर्ग याचे १ पासून अनंतापर्यंतचे क्षेत्रफळ १ आहे, तर एक भागिले क्ष याचे अनंत. इटालियन गणितज्ञ टॉरिचेल्लीने १६४० च्या दशकात दाखवले, की एक भागिले क्ष हा वक्र १ च्या पुढे अक्षाभोवती फिरवला असता अनंत लांबीची जी वस्तू तयार होते तिचे घनफळ मात्र सांत असते. आजच्या पद्धतीने ते नेमके पाय येते. त्याच वस्तूचे पृष्ठफळ अनंत आहे. त्या काळातील विद्वानांना या निष्कर्षाने किती अस्वस्थ केले असेल, याची कल्पना करता येते. तुमच्यापुरते सांगायचे तर, मर्यादा भरण्यापूर्वी छेदाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : ई चा 'उणे क्ष वर्ग' इतवा घात या फलनाविषयी विचारायचे आहे. पहिल्या सत्रात सरांनी सांगितले की याचे इंटिग्रेशन होत नाही. आता गॅमा फलनाच्या प्रकरणात शून्य ते अनंत या मर्यादांत त्याची किंमत 'वर्गमूळ पाय भागिले दोन' अशी दिली आहे. दोन्ही विधाने खरी कशी?
— बी.एस्सी., पहिले वर्ष, नांदेड

उत्तर : दोन्ही विधाने वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत. सरांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की बहुपदी, घातांकी, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीय फलने मर्यादित वेळा एकत्र करून असे कोणतेही सूत्र लिहिता येत नाही, की ज्याचे अवकलन हे फलन असेल. हे केवळ कोणाला जमले नाही असे नव्हे; ते अशक्य आहे हे सिद्ध झाले आहे, आणि त्यामागचा सिद्धांत लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात उभारला. परंतु फलन अखंड आहे, त्याचा आलेख काढता येतो, त्याखाली पट्ट्या घालता येतात, म्हणून क्षेत्रफळ आहेच. सूत्र नसणे म्हणजे संख्या नसणे नव्हे. समाकलन ही बेरीज आहे असे मानणाऱ्याला येथे कोणताच विरोध जाणवत नाही. प्रतिअवकलज म्हणजेच समाकलन असे मानणारा मात्र अडतो.

ती संख्या काढूनही पाहता येते. ० ते १ या अंतरात सुरुवातीची उंची १, मधली ०.७७८८ आणि शेवटची ०.३६७९ आहे. सिम्पसनच्या नियमाप्रमाणे पहिली उंची, मधलीच्या चौपट आणि शेवटची उंची यांची बेरीज करून सहाने भागले, की ०.७४७२ मिळतात. खरी किंमत ०.७४६८ आहे. केवळ तीन उंची मोजून इतके जवळ जाता येते, आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांमागे छापलेले घंटाकृती वक्राचे तक्ते अशाच संख्यात्मक पद्धतींनी तयार करता येतात.

आता शून्य ते अनंत ही किंमत. उणे अनंत ते अधिक अनंत अशी पूर्ण बेरीज घ्या आणि तिचा वर्ग करा. वर्ग करताना दुसऱ्या बेरजेत क्ष ऐवजी य लिहिले, तर आपल्याला संपूर्ण प्रतलावरची दुहेरी बेरीज मिळते, आणि फलन होते ई चा 'उणे क्ष वर्ग उणे य वर्ग' इतवा घात. हे फलन केवळ मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे, म्हणून प्रतलाचे चौकोनी तुकडे करण्याऐवजी वर्तुळाकार कडी करणे शहाणपणाचे आहे. त्रिज्या र असलेल्या एका पातळ कड्याचे क्षेत्रफळ दोन पाय र गुणिले जाडी. हा र जो आत आला, त्यानेच काम होते : र गुणिले ई चा 'उणे र वर्ग' इतवा घात याचे समाकलन साध्या सबस्टिट्यूशनने होते आणि एकूण बेरीज पाय येते. म्हणून मूळ बेरीज वर्गमूळ पाय, आणि शून्यापासून पुढची अर्धी, सुमारे ०.८८६२. ध्रुवीय सहनिर्देशकांत दुहेरी समाकलन लिहिताना हा र विसरणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मध्यापासून दूरच्या कड्यात जागा जास्त असते, एवढे डोळ्यांसमोर ठेवले तर तो विसरत नाही.

प्रश्न : दुहेरी समाकलनात 'चेंज ऑफ ऑर्डर' हा हमखास येणारा प्रश्न आहे. उत्तर तेच येणार असेल तर क्रम बदलायचाच कशासाठी?
— पहिले वर्ष, अभियांत्रिकी, चंद्रपूर

उत्तर : एक क्रम बंद असतो आणि दुसरा उघडा असतो, म्हणून. क्ष हा ० ते १, आणि प्रत्येक क्ष साठी य हा क्ष पासून १ पर्यंत, अशा क्षेत्रावर ई चा 'य वर्ग' इतवा घात याचे समाकलन करायचे आहे असे समजा. आधी य च्या दिशेने गेलात तर पहिल्याच पायरीवर वरच्या पत्रातील अडचण उभी राहते, कारण याही फलनाला साधे प्रतिअवकलज नाही. आता क्षेत्राची आकृती काढा. तो एक त्रिकोण आहे, आणि आडवे पट्टे घेतले तर प्रत्येक य साठी क्ष हा ० पासून य पर्यंत जातो. आडव्या पट्ट्यावर फलन स्थिर असल्यामुळे पट्ट्याची बेरीज य गुणिले ई चा 'य वर्ग' इतवा घात होते. बाहेरून आलेल्या त्या य मुळे पुढची पायरी सोपी होते आणि उत्तर 'ई उणे एक, भागिले दोन', म्हणजे सुमारे ०.८५९ येते. आकृती न काढता नुसत्या मर्यादांची अदलाबदल करणे हा या प्रकरणातील सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. भास्कराचार्यांना समाकलन ठाऊक होते, असे व्याख्यानांत नेहमी ऐकतो. ते आमच्या तालुक्याशी जोडलेले नाव असल्याने अभिमान वाटतोच. पण विधान कितपत खरे आहे हे स्पष्ट करावे.
— चाळीसगाव

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला विशेष आनंद आहे, कारण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला होता. गणिताच्या अध्यापनासाठी इतकी जुनी आणि इतकी नेमकी नोंद असणे ही महाराष्ट्राच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ ११५० चा. गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास, हा त्यांचा नियम अचूक आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांनी दिलेली उपपत्ती. आवळ्यावर उभ्या रेघा असाव्यात तशा रेघांनी गोलाच्या पृष्ठभागाच्या ९६ फोडी करायच्या, म्हणजे मध्यावर प्रत्येक फोड एक एकक रुंद होते. मग मध्यापासून टोकापर्यंत फोडीचे २४ आडवे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा जवळजवळ समलंब चौकोन असतो आणि त्याची रुंदी त्या ठिकाणच्या ज्येच्या (म्हणजे त्रिज्या गुणिले साइन) प्रमाणात असते. चोवीस ज्यांची बेरीज करून तीतून अर्धी त्रिज्या वजा करायची आणि अर्ध्या त्रिज्येने भागायचे, की एका फोडीचे क्षेत्रफळ मिळते. आजच्या गणकयंत्राने हे केले तर ३०.५४७ येतात, आणि ९६ परिघाच्या वर्तुळाचा व्यास आहे ३०.५५८. फोडीचे क्षेत्रफळ व्यासाएवढे आणि फोडी परिघाएवढ्या, म्हणून पृष्ठफळ परिघ गुणिले व्यास. अर्धी त्रिज्या वजा करण्याची ही युक्ती म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आज ट्रॅपेझॉइडल नियम म्हणून जे शिकतो तेच आहे.

तुकडे करून बेरीज करणे, हा समाकलनाचा गाभा त्यांच्याकडे निश्चित होता. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचारही त्यांनी केला होता, आणि तो अवकलनाच्या बाजूचा आहे. तुकडे अमर्याद वाढवत नेऊन सीमा घेणे आणि गती व बेरीज यांना जोडणारे सर्वसाधारण प्रमेय, या दोन गोष्टी मात्र त्यांच्या ग्रंथात नाहीत. यांपैकी पहिल्या दिशेने फार मोठी मजल केरळात मारली गेली. संगमग्रामच्या माधवांच्या परंपरेतील ज्येष्ठदेवांनी सोळाव्या शतकात मलयाळम भाषेत लिहिलेल्या 'युक्तिभाषा' ग्रंथात, संख्यांच्या घातांची बेरीज पदे पुष्कळ वाढवली असता कशाच्या जवळ जाते, याचे विवेचन आहे. कऱ्हाडच्या विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तरात वर्गांच्या बेरजेतून जो एक तृतीयांश मिळाला, तो या नियमाचाच एक प्रकार. त्याच्याच आधारे एक, उणे एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश अशी पाय-चतुर्थांशाची अनंत श्रेणी तेथे सिद्ध केली आहे, आणि ती लाइब्निट्सला सतराव्या शतकात स्वतंत्रपणे सापडली. व्याख्यानांत 'भास्कराचार्यांनी समाकलन शोधले' असे मोघम वाक्य ऐकण्यापेक्षा ९६ फोडींचे हे गणित फळ्यावर करून दाखवलेले मला अधिक आवडेल; आपल्या शाळेतील दहावीच्या मुलांनाही ते झेपेल.

प्रश्न : माझ्या मुलाला एम-टूमध्ये केटी लागली आहे. क्लास लावला आहे, तेथे मागील वर्षांचे पेपर सोडवून घेतात. घरी तो मोबाइलवर गणिताचा फोटो काढतो आणि अॅप सगळ्या पायऱ्यांसह उत्तर देते. याचा उपयोग होईल की नुकसान?
— एक पालक, लातूर

उत्तर : जुने पेपर सोडवणे वाईट नाही, पण ते निदानानंतरचे औषध आहे. समाकलनात नापास होणाऱ्या अनेक मुलांची खरी अडचण समाकलनात नसते. वर्ग पूर्ण करणे, अपूर्णांकांचे आंशिक विभाजन, त्रिकोणमितीय नित्यसमीकरणे, साध्या वक्राची आकृती काढणे, या अकरावी-बारावीच्या गोष्टी कच्च्या राहिलेल्या असतात, आणि गणित चौथ्या ओळीत फसते ते तेथे. त्याला प्रत्येक प्रकारची काही गणिते अॅपशिवाय सोडवायला सांगा. तो कोठे थांबतो हे आपल्याला गणित येत नसले तरी दिसेल.

अॅपविषयी मी कडक भूमिका घेणार नाही. उत्तर ताडून पाहण्यासाठी ते चांगले आहे. परंतु क्षेत्र कोणते, तुकडा कसा घ्यायचा आणि मर्यादा कोठून कोठे, हे ठरवणे म्हणजेच या विषयाचा अभ्यास, आणि अॅपने आखून दिलेले वाचल्याने ते हाताला येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : वहीत आकृती, एका तुकड्याची किंमत, मर्यादा, आणि त्यानंतर सोडवण्यापूर्वी उत्तराचा अंदाज. उदाहरणार्थ, 'एक अधिक क्ष घन' याच्या वर्गमुळाचे ० ते १ मध्ये समाकलन असेल, तर उंची सर्वत्र १ आणि १.४१४ यांच्या दरम्यान आहे, म्हणून उत्तरही त्याच दरम्यान असणार. हा अंदाज लिहिल्यावर जे उत्तर येईल ते अॅपवर ताडून पाहायला हरकत नाही. जळगावच्या विद्यार्थ्याने असा अंदाज लिहिला असता तर उणे दोन हे उत्तर त्याने स्वतःच खोडले असते.

त्याआधी मात्र एक काम करा. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. ती मागवा आणि गुण कोणत्या ओळींवर गेले ते मुलासोबत बसून पाहा. प्रश्नच सोडून दिले असतील तर अडचण सरावाची किंवा वेळेची आहे. आकृती आणि मर्यादा चुकल्या असतील तर वर लिहिलेला क्रम लागू आहे. आणि मधल्या बीजगणितात गुण गेले असतील तर क्लासच्या शिक्षकांना ती प्रत दाखवून अकरावीपासूनची उजळणी मागा. निकालानंतर अर्ज करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून हे पत्र वाचल्यावर प्रथम ती तारीख महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्या.